रेंज फुल, नेट गुल: लॅपटॉपचं वायफाय घरात आणि बाहेर नीट चालवायचं कसं

परळच्या चाळीत मावशीची खोली दहा बाय बाराची होती. राऊटर पोटमाळ्यावर, त्याचे दोन कान खाली लोंबलेले, आणि रेंज अशी की बाहेर गॅलरीत बसून शेजारची पोरं मॅच बघायची. मग चाळ पडली, टॉवर उभा राहिला, मावशी सतराव्या मजल्यावर गेली आणि आठवड्याभरात फोन आला.

"अगं, पोराच्या लॅपटॉपला बेडरूममध्ये नेटच मिळत नाही. लॅपटॉप बिघडलाय की ते कनेक्शनवाले फसवतायत? येऊन बघ जरा."

जाऊन बघितलं. लॅपटॉप ठणठणीत होता, कनेक्शनवालेही निर्दोष होते. आरोपी भिंत होती. त्या भिंतीबद्दल पुढे सांगतेच, पण आधी एक गोष्ट पक्की करू, कारण वायफायच्या दहापैकी आठ तक्रारी तिथेच सुटतात.

आधी तुटलंय कुठे ते शोधा

लॅपटॉपपासून इंटरनेटपर्यंत दोन वेगळे टप्पे असतात. पहिला लॅपटॉप ते राऊटर. हा हवेतून जातो आणि यालाच वायफाय म्हणतात. दुसरा राऊटर ते बाहेरची दुनिया. हा फायबरच्या तारेतून जातो आणि त्याचा वायफायशी काही संबंध नाही. लॅपटॉपच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या रेंजच्या कमानी फक्त पहिल्या टप्प्याबद्दल बोलतात. म्हणून तर कमानी पूर्ण भरलेल्या आणि पान मात्र उघडत नाही, असं होतं. घरातली टाकी तुडुंब भरलीय की नाही हे नळाच्या तोटीकडे बघून कळत नाही, तसंच हे.

तपासायला एक मिनिट पुरतं. फोनचा मोबाईल डेटा बंद करा, फोन त्याच वायफायला जोडा, लॅपटॉपच्या शेजारी धरून एखादं नवीन पान उघडा. फोनवरही उघडलं नाही तर लॅपटॉपला हात लावू नका. राऊटरच्या डब्यावर बघा, एलओएस नावाचा दिवा लाल झालाय का? लाल असेल तर बाहेरची फायबर तुटलीय किंवा निसटलीय. रस्ता खोदून ठेवलेल्या आपल्या शहरात हे नवं नाही. तक्रार नोंदवा आणि चहा घ्या. फोनवर नेट धावतंय आणि लॅपटॉपवरच नाही, तर मात्र दोष लॅपटॉपचा. तिसरी शक्यता अशी की दोन्हींवर नेट आहे, पण हॉलमध्ये आहे आणि बेडरूममध्ये नाही. ती जागेची कटकट. या तिन्हींची औषधं वेगळी आहेत, आणि लोक पहिल्याचं औषध तिसऱ्याला देत बसतात. "राऊटर बंद करून चालू कर" हे आपल्याकडचं बाम आहे, डोकं दुखो की गुडघा, लावायचं.

पहिल्यांदा जोडताना

विंडोज ११ असेल तर विंडोजचं बटण आणि ए एकत्र दाबा. उजवीकडे खाली छोटी खिडकी उघडते. त्यात वायफायच्या चिन्हाशेजारचा बाण दाबला की आसपासच्या सगळ्या नेटवर्कची नावं दिसतात. आपलं नाव निवडायचं, 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' वर खूण ठेवायची, पासवर्ड टाकायचा. मॅकवर वरच्या पट्टीत उजवीकडे वायफायचं चिन्ह असतं, उबुंटूसारख्या लिनक्सवरही वर उजव्या कोपऱ्यातच.

यात अडकायला होतं ते चार ठिकाणी.

वायफायचं चिन्हच फिकं दिसतंय आणि विमानाचं चित्र दिसतंय, म्हणजे एअरप्लेन मोड चालू आहे. बऱ्याच लॅपटॉपवर सगळ्यात वरच्या ओळीतल्या एका बटणावर विमान किंवा मनोरा छापलेला असतो आणि साफसफाई करताना ते दाबलं जातं. काही जुन्या लॅपटॉपना कडेला वायफायची छोटी खटकी असते, ती सरकली असेल तर सेटिंग्जमध्ये कितीही शोधा, काही सापडणार नाही.

पासवर्ड चुकतोय म्हणतंय. राऊटरच्या पोटाशी चिकटवलेल्या स्टिकरवरची अक्षरं बारीक असतात, शून्य आणि ओ, एक आणि लहान एल यांत हमखास गफलत होते. पासवर्डच्या चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबा, आपण काय टाकलंय ते दिसतं. कॅप्स लॉक बघा. आणि तरीही जमेना, तर ज्या फोनवर वायफाय चालू आहे त्यावर त्या नेटवर्कचं 'शेअर' दाबा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर क्यूआर कोडच्या खाली पासवर्ड शब्दांत लिहिलेला असतो.

नाव ओळखायला येत नाही. एकाच कंपनीचे राऊटर एका मजल्यावर सहा घरांत असले की नावंही सारखीच, शेवटचे तीन-चार आकडे तेवढे वेगळे. आपल्या नेटवर्कला आपलं नाव द्या. फक्त फ्लॅट नंबर किंवा आडनाव देऊ नका, जिन्यात उभ्या माणसाला ते कशाला कळायला हवं?

चौथं ठिकाण लोक न वाचताच पुढे जातात. जोडल्यावर त्या नेटवर्कच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' असे दोन पर्याय असतात. घरच्या वायफायला प्रायव्हेट ठेवा, नाहीतर घरातले बाकीचे संगणक तुमच्या लॅपटॉपमधल्या फायली बघू शकणार नाहीत, प्रिंटरही कधीकधी हट्टाला पेटतो. स्टेशन, कॉफीचं दुकान, हॉस्पिटल, कुठेही बाहेर असाल तर पब्लिकच. मग त्या जागेतल्या अनोळखी लॅपटॉपना तुमचा लॅपटॉप सहसा दिसत नाही.

हवेतली विरार फास्ट

वायफायचे आपल्या घरातले मुख्य पट्टे दोन: २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. राऊटर बहुतेक दोन्हींवर बोलतो. पहिला पट्टा लांब जातो, भिंती त्यातल्या त्यात बऱ्या भेदतो, पण हळू चालतो. दुसरा वेगवान आहे, पण भिंत आली की त्याचा जीव दमतो.

मुंबईत २.४ चा खरा त्रास गर्दीचा. या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनेल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांच्या पायावर पाय न देता उभे राहतील असे तीनच: १, ६ आणि ११. मावशीच्या बेडरूममध्ये मी यादी उघडली तेव्हा ३१ नावं मोजली. एकतीस घरं आणि लोकलचे तीन डबे. त्यातच शेजाऱ्यांचे ब्लूटूथ हेडफोन, बिनतारी माऊस, आणि जेवण गरम करायला लावलेला मायक्रोवेव्ह, जो स्वतः २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो. दुपारी दीड वाजता तुमचा व्हिडिओ कॉल अडखळतो आणि दोन वाजता आपोआप सुधारतो, असं होत असेल तर ओट्याकडे बघा.

म्हणून नियम साधा आहे. राऊटर ज्या खोलीत आहे किंवा एक भिंत पलीकडे आहे, तिथे लॅपटॉप ५ वर जोडा. लांबच्या खोलीत २.४. राऊटर दोन्हींना एकच नाव देत असेल, तर निवड लॅपटॉप आपल्या मनाने करतो आणि हा प्राणी आळशी आहे, एकदा २.४ ला चिकटला की राऊटरच्या मांडीवर आणून ठेवला तरी सोडत नाही. उपाय दोन. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन पट्ट्यांना वेगळी नावं द्या, हा माझा आवडता, कारण मग कुठे जोडलंय ते नावातच दिसतं. किंवा लॅपटॉपच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'नेटवर्क अडॅप्टर्स' खाली वायफाय कार्डावर दोनदा क्लिक करून 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'प्रिफर्ड बँड' शोधा आणि ५ ला पसंती द्या. सगळ्या कार्डांत हा पर्याय नसतो.

यादीत ५ वालं नाव दिसतच नसेल, तर लॅपटॉपचं कार्डच जुनं असू शकतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, आणि तिथे 'हार्डवेअर प्रॉपर्टीज' उघडा. कुठल्या पट्ट्यावर, कुठल्या चॅनेलवर, किती वेगाने जोडलंय ते एका पानावर मिळतं. प्रोटोकॉलच्या ओळीत एन असेल तर ती २००९ ची पिढी, एसी म्हणजे २०१३ ची, जिला आता वायफाय ५ म्हणतात, आणि एएक्स म्हणजे वायफाय ६. मात्र एन दिसलं म्हणून लगेच कार्डाला नावं ठेवू नका, २.४ वर जोडलेलं असताना चांगलं कार्डही एन दाखवतं.

त्याच पानावर 'लिंक स्पीड' असतो. तो फक्त लॅपटॉप ते राऊटर इतकाच वेग. तिथे ८६६ लिहिलंय आणि तुम्ही पैसे १०० एमबीपीएसचे भरताय, तर मिळणार शंभरच. आणि शंभर एमबीपीएस म्हणजे फाइल उतरवताना सेकंदाला साधारण साडेबारा मेगाबाइट. बिट आणि बाइट यांत आठपट फरक आहे, त्यामुळे 'शंभरचं घेतलं आणि बारा मिळतंय' ही तक्रार मुळात तक्रारच नाही.

चॅनेल हाताने निवडायचं असेल तर फोनवर एखादं वायफाय ॲनालायझर ॲप टाका, घरात फिरा, १, ६, ११ पैकी कुठे गर्दी कमी आहे ते बघा आणि तेच राऊटरमध्ये लावा. २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्‌झच ठेवा, ४० केली की दोन डबे अडवल्यासारखं होतं आणि फायदा शून्य. ५ मध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांत राहणं बरं. मधले चॅनेल मोकळे दिसतात, पण त्याच परिसरात रडार चालतात. अंधेरी-जोगेश्वरीकडच्या वेरावलीला २०२२ पासून हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे, ते सी बँडवर, म्हणजे याच वारंवारितांच्या शेजारी चालतं. रडारची चाहूल लागली की काही राऊटर तो चॅनेल सोडून पळतात आणि तेवढ्यात तुमचं नेट मिनिटभर जातं. पावसाचा अंदाज आणि तुमची मीटिंग यांत अंदाजाला मान द्यावा हे उत्तम.

भिंत

आता आरोपीकडे येऊ. जुन्या इमारतींत खोल्यांमधल्या भिंती विटांच्या असायच्या. नव्या टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी ॲल्युमिनियमचे साचे लावून अख्खा मजला एका दमात काँक्रीटमध्ये ओततात, बांधकामवाले त्याला मायव्हन म्हणतात. घर लवकर उभं राहतं, पण बेडरूम आणि हॉल यांच्यामधली भिंतसुद्धा आतून सळयांची जाळी असलेली काँक्रीटची होते. खिळा ठोकायला गेलात की लगेच कळतं, खिळा वाकतो. वायफायचंही तेच होतं.

त्यात आपण आणखी भर घालतो. केबलवाला जिथे भोक पाडेल तिथे राऊटर बसतो आणि मग तिथेच म्हातारा होतो. मावशीकडे तो टीव्हीच्या युनिटच्या आत, खालच्या कप्प्यात, दार लावून ठेवला होता. "दिसायला बरं नाही गं ते, दिवे लुकलुकतात." आणि हॉल-बेडरूमच्या भिंतीला टेकून चाळीतून आणलेलं गोदरेजचं कपाट, दारावर पुरुषभर उंचीचा आरसा. लोखंडी पत्रा लहरी अडवतो, आरशामागचा धातूचा लेप अडवतो. पाण्याचं पिंप, माशांची टाकी, फ्रीज, हे सगळे त्याच जातीचे.

मी काय केलं ते क्रमाने सांगते. आधी मोजलं. मॅक असेल तर ऑप्शन दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, 'आरएसएसआय' नावाचा, रेंजची ताकद सांगणारा उणे आकडा दिसतो. विंडोजवाल्यांनी फोनवरचं ॲनालायझर ॲप वापरावं. उणे ५० म्हणजे फार छान, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने चालतो, उणे ७५ च्या खाली रडगाणं सुरू, उणे ८५ ला देवाचं नाव. बेडरूमच्या टेबलावर उणे ८३ होतं.

मग राऊटर युनिटच्या बाहेर काढला आणि पॅसेजच्या तोंडाशी, डोक्याच्या उंचीवर एका फळीवर ठेवला. पॅसेज म्हणजे खोल्यांना जोडणारी हवा, भिंतीतून घुसण्यापेक्षा लहरींना दारातून वळून जाणं सोपं. फायबरची बारीक वायर लागत होती म्हणून जमलं. ती वायर काचेची असते, कोपऱ्यात काटकोनात दाबू नका, तारेसारखी गुंडाळू नका, कमी पडली तर लांब वायर कनेक्शनवाल्या माणसाकडूनच घालून घ्या. राऊटरचे दोन्ही कान उभे केले. कपाट दोन फूट सरकवायला मात्र मावशी तयार नव्हती, "तिथेच बरं आहे, वास्तुशास्त्र." असो. टेबलावरचा आकडा उणे ६९ झाला.

एवढ्याने काम भागत नसेल तर खर्चाची पायरी येते. स्वस्तातला रिपीटर घेण्याचा मोह होतो. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो नेमका जिथे रेंज नाही तिथे लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? लावायचाच तर अर्ध्या वाटेवर, जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे लावा. त्याहून खूप चांगला उपाय म्हणजे राऊटरपासून बेडरूमपर्यंत कॅट ६ ची लॅन वायर नेऊन तिथे दुसरा राऊटर 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून लावणं. रंगकाम चालू असताना ही वायर पट्टीतून टाकून घेतली तर पुढची दहा वर्षं दुवा द्याल. मेश किट, म्हणजे एकाच नावाने मिळून चालणारे दोन-तीन राऊटर, घेतलंत तरी त्याचे डबे वायरने जोडता आले तर जोडाच.

आणि वीज. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईभर दिवे गेले तेव्हा घरून काम करणाऱ्या आम्हां सगळ्यांच्या लक्षात आलं की लॅपटॉपला बॅटरी आहे, राऊटरला नाही. राऊटरसाठी छोटे यूपीएस मिळतात. घेण्याआधी राऊटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर छापलंय ते वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असतं पण ९ चेही आहेत. फायबरचा डबा आणि राऊटर वेगळे असतील तर दोघांनाही वीज लागेल.

कुलूप

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, इंग्रजी आकड्यांत. राऊटरचं पान उघडतं, नेमका पत्ता पोटाच्या स्टिकरवर असतो. तिथे दोन वेगळे पासवर्ड असतात हे लक्षात घ्या: एक वायफायचा, दुसरा या पानाचा. लोक पहिला बदलतात आणि दुसरा कारखान्यातून आला तसाच ठेवतात. दोन्ही बदला. सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. डब्ल्यूईपी नावाचं जुनं कुलूप २००१ मध्येच फुटलंय, ते दिसलं तर काढून टाका. बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद करा.

पाहुणे, शिकवणीची मुलं, पेइंग गेस्ट यांच्यासाठी 'गेस्ट नेटवर्क' चालू करून त्याचाच पासवर्ड द्या. मात्र लॅपटॉप गेस्टवर आणि प्रिंटर मुख्य नेटवर्कवर असेल तर दोघांची भेट होणार नाही, ते मुद्दामच तसं असतं. प्रिंटरवरून आठवलं, घरगुती प्रिंटर बरेचसे फक्त २.४ ओळखतात. त्यांना ५ चं नाव दिसत नाही म्हणून त्यांच्यावर चिडू नका.

बाहेर: हॉटस्पॉट आणि स्टेशन

फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडणं सगळ्यांना येतं, पण दिवसाचा दीड जीबीचा पॅक अर्ध्या तासात कुठे गेला हे कळत नाही. लॅपटॉपला वाटतं आपण घरच्या वायफायवर आहोत आणि तो मागच्या मागे अपडेट ओढायला, फोटो चढवायला सुरुवात करतो. जोडल्या जोडल्या त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. एकदा केलं की त्या हॉटस्पॉटसाठी कायम लक्षात राहतं. मॅकवर यालाच 'लो डेटा मोड' म्हणतात.

आयफोनचा हॉटस्पॉट जुन्या लॅपटॉपला दिसत नसेल तर फोनमध्ये 'मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी' चालू करा, तो मग २.४ वर उतरतो. अँड्रॉइडमध्येही हॉटस्पॉटचा पट्टा निवडता येतो. आणि शक्य असेल तेव्हा हवेतला टप्पा काढूनच टाका: चार्जिंगची वायर लॅपटॉपला जोडून फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. वेग स्थिर राहतो आणि फोन चार्जही होतो. लोकलमध्ये मात्र हॉटस्पॉटवर मीटिंग करायच्या भानगडीत पडू नका. फोन सतत टॉवर बदलत असतो, त्यात लॅपटॉप मांडीवर उघडायला जागा मिळालीच तर ती झोपायला वापरावी.

गुगल आणि रेल्वेच्या रेलटेलचं स्टेशनवरचं मोफत वायफाय पहिल्यांदा आपल्या मुंबई सेंट्रललाच आलं, जानेवारी २०१६ मध्ये. अशा ठिकाणी जोडल्यावर एक पान उघडतं, मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो. लॅपटॉपवर ते पान बरेचदा उघडतच नाही आणि लोक 'चालत नाही' म्हणून सोडून देतात. कारण असं की आजकाल सगळ्या साइट कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस असतात आणि वायफायवाल्याला मधे आपलं पान घुसवता येत नाही. ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा, ही साइट मुद्दाम बिनकुलपाची ठेवली आहे, लॉगिनचं पान लगेच समोर येतं. व्हीपीएन, म्हणजे नेटची सगळी ये-जा कुलूपबंद बोगद्यातून नेणारं ॲप, चालू असेल तर लॉगिन होईपर्यंत बंद ठेवा.

अशा वायफायवर बँकेचं काम टाळा, ते फोनच्या डेटावर करा. ब्राउझरने 'हे सर्टिफिकेट बरोबर नाही' असा इशारा दिला तर पुढे जाऊ नका, तिथून उठा. आणि काम झालं की ते नेटवर्क 'फर्गेट' करा. नाहीतर उद्या कोणी त्याच नावाचा हॉटस्पॉट उघडून बसला तर तुमचा लॅपटॉप बॅगेतून बाहेर आल्या आल्या त्याच्या गळ्यात पडेल.

फक्त लॅपटॉपच रुसला असेल तर

फोनवर नेट आहे, शेजारीच लॅपटॉपवर नाही. या क्रमाने जा, एकेक पायरी करून बघत.

१. वायफाय बंद करून चालू करा. मग लॅपटॉप 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' नको, विंडोजमध्ये शट डाउन बऱ्याचदा अर्धवट झोपच असते.

२. तारीख-वेळ बघा. जुन्या लॅपटॉपची आतली बटण बॅटरी संपली की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि मग वायफाय जोडलेलं असूनही एकही साइट उघडत नाही.

३. नेटवर्क फर्गेट करून पुन्हा पासवर्ड टाका. राऊटरचा पासवर्ड बदलला असेल तर हेच कारण.

४. हार्डवेअर प्रॉपर्टीजमध्ये आयपी ॲड्रेस वाचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही. आता मात्र राऊटरचं बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करायला हरकत नाही.

५. झोपेतून उठल्यावरच वायफाय जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये जा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्या. ती खूण काही लॅपटॉपवर नसते.

६. विंडोजच्या अपडेटनंतर बिघडलं असेल तर तिथेच 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे का बघा (ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर). विंडोज नव्याने टाकल्यावर वायफायच दिसत नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला नेट हवं, नेटला ड्रायव्हर हवा, अशी कोंडी झाली तर मघाचं यूएसबी टेदरिंग आठवा. त्याला वायफाय कार्ड लागत नाही.

७. शेवटी 'नेटवर्क रीसेट'. हे साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसतं, म्हणून आधी ते लिहून घ्या. विंडोज ११ मध्ये ज्या नेटवर्कला जोडलंय त्याचा पासवर्ड सेटिंग्जमध्येच 'व्ह्यू' करून वाचता येतो.

इतकं करूनही राऊटरच्या शेजारी बसल्यावरच रेंज मिळते आणि चार पावलांवर जाते? मग लॅपटॉपचं झाकण आठवा. बहुतेक लॅपटॉपचे अँटेना स्क्रीनच्या कडेने, झाकणात असतात आणि दोन बारीक वायरी बिजागरातून खाली कार्डापर्यंत येतात. माझ्या लॅपटॉपचं बिजागर तुटलं होतं, ते एका दुकानातून बदलून आणलं आणि त्या दिवसापासून हॉलमधून किचनमध्ये गेलं की नेट गायब. दुकानदार म्हणाला, "मॅडम, वायफाय कार्ड गेलंय, बदलावं लागेल." कार्ड बदलायच्या आधी मी मागचं झाकण माझ्यासमोर उघडायला लावलं. दोन वायरींपैकी एकीचं शेंगदाण्याच्या सालाएवढं टोपण कार्डावर बसवलेलंच नव्हतं, नुसतं बाजूला पडलं होतं. टिच करून दाबलं, झालं. दुरुस्तीनंतर रेंज घटली तर आधी हेच विचारा.

कार्ड खरंच गेलं असेल किंवा फक्त २.४ चंच असेल, तर दोन मार्ग आहेत. ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर यूएसबीचे वायफाय अडॅप्टर मिळतात. घेताना 'ड्युअल बँड' आहे का ते विचारा, नखाएवढे सगळ्यात स्वस्त अडॅप्टर बरेचदा फक्त २.४ चे असतात. लॅपटॉप सोबत न्या, तिथेच लावून ५ चं नाव दिसतंय का बघा आणि मगच पैसे द्या. दुसरा मार्ग आतलं कार्ड बदलण्याचा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते एका स्क्रूवर बसवलेलं असतं, काहींत मात्र मदरबोर्डलाच डकवलेलं. मॉडेलचं नाव बघून आधी खात्री करा.

ब्लूटूथबद्दल थोडंसं

हेडफोन पहिल्यांदा जोडताना त्याचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा, मग लॅपटॉपमध्ये 'ॲड डिव्हाइस'. नुसतं चालू करून तो यादीत येत नाही. आला नाही तर बहुधा खिशातल्या फोनने त्याला आधीच धरून ठेवलंय, फोनचं ब्लूटूथ बंद करा. गाणी सुरेख वाजतात आणि कॉल सुरू झाला की आवाज जुन्या लँडलाइनसारखा होतो, याचं कारण हेडफोन खराब आहे असं नाही. माइक चालू झाला की बरेच हेडफोन वेगळ्या, कमी दर्जाच्या पद्धतीवर जातात. कॉलच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा, कानातला आवाज परत येतो.

आणि मावशीच्या मुलाचा बिनतारी माऊस. बेडरूमची रेंज सुधारून मी निघाले तर तो म्हणाला, "ताई, हा माऊस पण बघ ना, मधेच थांबतो." माऊसचं नखाएवढं डोंगल लॅपटॉपच्या डाव्या बाजूला, आणि त्याला खेटून यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. यूएसबी ३ चालू असताना जो विजेचा गोंगाट करतं तो नेमका २.४ च्या पट्ट्यात पडतो, शेजारच्या डोंगलला मग माऊसचं ऐकूच येत नाही. डोंगल काढून उजव्या बाजूच्या पोर्टात लावलं. बाण सरळ चालायला लागला. मावशीने विचारलं, "किती झाले?" म्हटलं, "कपाट दोन फूट सरकव, फिटलं."